फाटा आणि फाटाफूट : ब्लॉकचेन व मुक्तस्रोत परंपरा ह्यांच्या संबंधाविषयी

ब्लॉकचेन हे मुक्तस्रोत परंपरेचे अपत्य आहे, असे विधान ह्या विषयावरील लेखनात वारंवार आढळते. वंशावळीच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. बिटकॉइनची पहिली आज्ञावली जानेवारी २००९ मध्ये सोर्स कोडसह प्रसिद्ध झाली, तिला एम्. आय्. टी. परवाना जोडलेला होता, आणि पुढे निर्माण झालेल्या बहुतेक सार्वजनिक ब्लॉकचेनांनी मुक्त परवान्याचाच मार्ग पत्करला. परंतु अपत्य म्हटले की मातापित्यांचा कोणता गुण त्याने घेतला आणि कोणता टाकला, हा प्रश्न ओघानेच येतो. आणि त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ती 'फोर्क' ह्या एका शब्दाच्या आधारे करावयाची आहे. शब्दाचा अर्थ पालटतो तेव्हा त्यामागे बहुधा वस्तुस्थितीही पालटलेली असते, हे भाषेच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको.

इंग्रजीत हा शब्द मूळचा काट्याचा व दुफाट्याचा. संगणकशास्त्रात त्याचा पारिभाषिक उपयोग मेल्विन कॉन्वे ह्यांच्या १९६३ च्या निबंधात आढळतो. एक चालू असलेले काम दोन कामांत विभागणे, एवढाच तेथे त्याचा अर्थ. युनिक्स ह्या प्रणालीने तो उचलला आणि रूढ केला. पुढे अर्थविस्तार होऊन, एका आज्ञावलीच्या सोर्स कोडची प्रत घेऊन तिचा स्वतंत्र विकास करणे ह्यासही 'फोर्क' म्हणू लागले. आणि ब्लॉकचेनच्या काळात खातेवहीच्या एका परंपरेतून दोन परंपरा निघणे हा तिसरा अर्थ त्यास येऊन चिकटला. मराठीत ह्या अर्थच्छटांसाठी शब्द शोधू गेल्यास एक गंमत ध्यानात येते. रस्त्यास फुटतो तो 'फाटा'. पक्षात किंवा कुटुंबात पडते ती 'फाटाफूट'. आणि सरळ चाललेल्या चर्चेत नसत्या शंका काढणे म्हणजे 'फाटे फोडणे'. धातू एकच, पण पहिला शब्द निर्विकार, दुसरा दुःखद आणि तिसरा तुच्छतादर्शक. इंग्रजी 'फोर्क' ह्या तिन्ही छटांतून गेला आहे, आणि तेही एका पिढीच्या आत.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा आरंभ सामान्यतः २७ सप्टेंबर १९८३ पासून धरतात. त्या दिवशी रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जी. एन्. यू. प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था निघाली आणि १९८९ साली जी. पी. एल. हा परवाना आला. ह्या परवान्याची खुबी अशी की, त्याने प्रताधिकाराच्या कायद्याचा उपयोग प्रताधिकाराच्याच हेतूविरुद्ध केला. ग्रंथकर्ता आपल्या हक्काने सांगतो की, ही आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत वाटताना तीही ह्याच अटींवर वाटावी. एम्. आय्. टी. परवाना ही शेवटची अट घालीत नाही; तो फक्त मूळ कर्त्याचा उल्लेख राखावयास सांगतो. 'ओपन सोर्स' हे नाव त्या मानाने उशिराचे. ते फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन ह्यांनी सुचविले, आणि नैतिक आग्रहापेक्षा व्यावहारिक सोयीवर भर देऊ इच्छिणाऱ्या मंडळींनी ते तत्काळ स्वीकारले. स्टॉलमन ह्यांना हे नाव कधीच मानवले नाही. मराठीतील 'मुक्तस्रोत' ह्या शब्दाने दोन्ही पक्षांचा समन्वय नकळत साधला आहे, असे म्हणता येईल. त्यात 'मुक्त' आहे आणि 'स्रोत'ही आहे.

ह्या दोन्ही परवान्यांच्या पोटात एक हक्क असतो, त्याचे नाव परवान्यात बहुधा नसते. तो हक्क म्हणजे वेगळे होण्याचा. प्रकल्पाचा प्रमुख हेकेखोर निघाला, आळशी निघाला किंवा एखाद्या कंपनीच्या मुठीत गेला, तर त्याची आज्ञावली उचलून दुसरीकडे संसार थाटण्यास कोणी अडवू शकत नाही. हा हक्क वापरला गेल्याची उदाहरणे पहिल्या दोन दशकांत थोडीच सापडतात, आणि ती सगळी कटुतेने सांगितली जातात. जी. सी. सी. ह्या कंपायलरच्या विकासाची गती फार मंद आहे अशा तक्रारीतून १९९७ साली ई. जी. सी. एस्. हा वेगळा प्रकल्प निघाला. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, तोच अधिकृत जी. सी. सी. म्हणून स्वीकारण्यात आला. म्हणजे फाटा फुटला आणि पुढे तोच हमरस्ता झाला. २०१० साली ओपन ऑफिसमधून लिब्रे ऑफिस निघाले, ते मात्र पुन्हा एकत्र आले नाही. वेगळे होण्याची शक्यता सदैव उभी असल्यामुळे प्रकल्पाच्या प्रमुखास अनुयायांचे ऐकावे लागते, हा मुक्तस्रोत परंपरेतील लोकशाहीचा खरा पाया होय. तेथे मतदान फारसे होत नाही, घटना लिहिलेली नसते. प्रमुखाच्या अधिकारावर अंकुश असतो तो एवढाच.

हा अंकुश चालतो ह्याला एक आर्थिक कारण आहे, आणि पुढील विवेचनासाठी ते नीट ध्यानात घेणे अवश्य आहे. आज्ञावलीची प्रत काढल्याने मूळ प्रत उणी होत नाही. लिब्रे ऑफिस वापरणाऱ्याने ओपन ऑफिस वापरणाऱ्याचे काही हिरावून घेतलेले नसते. दोघांची पत्रे दोघांनाही वाचता येतात.

इ. स. २००५ मध्ये ह्या शब्दाच्या नशिबात मोठा पालट घडून आला. लिनक्सच्या विकासासाठी वापरली जाणारी बिटकीपर ही खाजगी प्रणाली परवान्याच्या वादामुळे त्या वर्षी एकाएकी उपलब्ध होईनाशी झाली, आणि लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी एप्रिल महिन्यात गिट ही प्रणाली लिहावयास घेतली. गिटमध्ये प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून काढलेला एक हॅश, म्हणजे एक प्रकारचा अंगठा, असतो. आणि नोंदीच्या मजकुरात तिच्या पूर्वीच्या नोंदीचा हॅशही अंतर्भूत असतो. त्यामुळे मागील एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर तिच्यानंतरच्या सर्व नोंदींचे अंगठे बदलतात व लबाडी उघडकीस येते. ब्लॉकचेनची रचना ज्यास ठाऊक आहे त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. दोहोंचा पाया एकच आहे : राल्फ मर्कल ह्यांनी १९७०–८० च्या सुमारास मांडलेली हॅशांच्या वृक्षाची कल्पना. परंतु एकाच रचनेवर दोघांनी उभारलेले शिष्टाचार परस्परविरुद्ध आहेत. गिटमध्ये कितीही शाखा काढाव्यात, कितीही दिवस त्या वेगळ्या ठेवाव्यात, हव्या तेव्हा जुळवाव्यात. कोणती शाखा प्रमाण मानावयाची हे ज्याचे त्याने ठरवावे. २००८ साली सुरू झालेल्या गिटहबने तर 'फोर्क' नावाचे एक बटणच ठेवले. कालपर्यंत जो शब्द भांडणाचा होता, तो एका टिचकीचे काम झाला. किंबहुना आपल्या प्रकल्पास किती फोर्क झाले हे लोक अभिमानाने सांगू लागले. अर्थोत्कर्षाचे इतके शुद्ध व इतके अल्पकालीन उदाहरण दुसरे सहसा मिळणार नाही.

त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने बिटकॉइनचा निबंध प्रसिद्ध झाला.

ह्या निबंधापूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण सोर्स कोड उघडा ठेवण्याचा निर्णय त्या इतिहासानेच सुचविला असावा. डेव्हिड चॉम ह्यांनी १९८० नंतरच्या काळात अंकीय नाण्यांची गणिती पद्धती शोधली, तिचे एकस्व घेतले आणि डिजिकॅश ही कंपनी काढली. १९९८ साली, म्हणजे 'ओपन सोर्स' हा शब्द जन्मला त्याच वर्षी, कंपनी दिवाळखोरीत गेली. आणि कंपनी गेली तशी तिची नाणीही गेली. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा ह्यांनी १९९१ साली दस्तऐवजांवर कालमुद्रा उमटविण्यासाठी हॅशांची साखळी सुचविली होती. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून आपल्या साखळीचा सारांश 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जाहिरातींत छापावयास आरंभ केला, हेतू हा की खुद्द कंपनीलाही मागाहून फेरफार करता येऊ नये. युक्ती उत्तम होती. पण साखळी चालविणारी कंपनी एकच होती. नाकामोतो ह्यांना मध्यस्थच नको होता. आणि मध्यस्थ नको म्हटल्यावर सोर्स कोड उघडा ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ज्या आज्ञावलीवर आपले पैसे विसंबून आहेत ती तपासता येत नसेल, तर तिचा कर्ता हाच नवा मध्यस्थ ठरतो. येथे मुक्तस्रोताचे प्रयोजन सूक्ष्मपणे बदलले आहे. स्टॉलमन ह्यांना सोर्स कोड हवा होता तो बदलण्यासाठी. नाकामोतो ह्यांच्या व्यवस्थेत तो हवा आहे तो पडताळण्यासाठी. बदलण्याची मुभा परवान्यात आहेच, पण ती बव्हंशी वापरली जाऊ नये अशी संपूर्ण रचनेची अपेक्षा आहे.

ही अपेक्षा का, ते पाहू. बिटकॉइनची खातेवही जगभरच्या हजारो नोडांवर असते. नवा ब्लॉक आला की प्रत्येक नोड तो आपल्या आज्ञावलीतील नियमांनुसार तपासते. नियमांत बसला तर स्वीकारते, नाही तर फेकून देते. सर्वांचे नियम तंतोतंत एक असतील तरच सर्वांची खातेवही एक राहील. म्हणून मुक्तस्रोतातील अतिशय निरागस कृती, म्हणजे आपल्या प्रतीत एक ओळ बदलणे, येथे स्वतःस समाजाबाहेर काढून घेण्यासारखी ठरू शकते. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये बेरजेतील एका दोषाचा फायदा घेऊन कोणीतरी १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. एकूण कधीही २ कोटी १० लाखांहून अधिक नाणी नसावीत असा तर मूळ दंडक. नाकामोतो ह्यांनी काही तासांत दुरुस्त आज्ञावली दिली, लोकांनी ती घेतली, आणि तो ब्लॉक ज्या शाखेत होता ती शाखा मागे पडली. त्या वेळी समाज लहान होता, कर्ता हजर होता, आणि दोष इतका ढळढळीत होता की मतभेदास जागाच नव्हती. २०११ च्या वसंतात नाकामोतो ह्यांनी पत्रव्यवहार थांबविला. प्रकल्पाची सूत्रे गॅविन अँड्रेसन ह्यांच्याकडे आली.

मार्च २०१३ मधील घटना माझ्या मते अधिक उद्‌बोधक आहे, म्हणून ती विस्ताराने सांगतो. त्या वर्षी फेब्रुवारीत आज्ञावलीची ०.८ ही आवृत्ती आली. तीत नोंदी साठविण्यासाठी पूर्वीच्या बर्कली डीबीऐवजी लेव्हलडीबी ही नवी प्रणाली घातली होती. हा अंतर्गत बदल. नियमांना त्याने स्पर्श केला नाही अशी सर्वांची समजूत. ११ मार्चच्या रात्री २,२५,४३० क्रमांकाचा एक मोठा ब्लॉक तयार झाला. ०.८ च्या नोडांनी तो स्वीकारला. ०.७ व त्यापूर्वीच्या नोडांनी तो नाकारला. कारण बर्कली डीबीमध्ये एका वेळी किती कुलुपे लावता येतात ह्यास एक मर्यादा होती, आणि त्या ब्लॉकला तीहून अधिक लागत होती. ही मर्यादा नाकामोतो ह्यांच्या निबंधात नव्हती, टिपणांत नव्हती, ती नियम म्हणून कोणीही लिहिलेली नव्हती. तरीही चार वर्षे ती नियम म्हणून अंमलात होती, आणि ती मोडली गेली त्या क्षणी तिचे अस्तित्व प्रथमच कळले. खातेवहीच्या दोन शाखा सहा तास समांतर चालल्या.

व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ह्यात नवल वाटू नये. भाषेचे बहुसंख्य नियम कोणत्याही व्याकरणग्रंथात नसतात. बोलणारा ते पाळतो आणि मोडले की त्याच्या कानास खटकते, तेव्हाच ते होते असे समजते. लिखित नियम आणि प्रत्यक्ष प्रयोग ह्यांत विरोध आला तर प्रमाण कोणते, हा आपल्या शास्त्रातील जुनाच वाद आहे. बिटकॉइनच्या मंडळींनी त्या रात्री त्याचे उत्तर प्रयोगाच्या बाजूने दिले. मायनिंगची अधिक शक्ती ०.८ च्या शाखेकडे होती. नवी आवृत्ती तांत्रिकदृष्ट्या सरसही होती. असे असून मोठ्या मायनिंग-पूलांच्या चालकांना विनंती करून ०.७ कडे परत वळविण्यात आले, कारण जुनी आज्ञावली नवीन शाखा कदापि स्वीकारू शकली नसती, तर नवी आज्ञावली जुनी शाखा स्वीकारू शकत होती. ०.८ च्या शाखेवरील चोवीस ब्लॉक रद्द झाले. त्या अवधीत एका व्यापाऱ्याकडे सुमारे दहा हजार डॉलरांची रक्कम दोनदा खर्चिली गेल्याचे आढळले. निर्णय योग्य होता ह्यात शंका नाही. पण तो मूठभर प्रोग्रामर व पूल-चालक ह्यांनी काही तासांच्या संभाषणात घेतला, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले पाहिजे. 'मध्यस्थ नाही' ह्या वाक्याचा अर्थ त्या रात्री किंचित बदलला.

जाता जाता एक गोष्ट. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांनी जो पाठ मूळ संहितेत घेतला नाही तो तळटीपांत किंवा परिशिष्टांत जपला. ब्लॉकचेन पाठभेद जपत नाही. हरलेल्या शाखेचे ब्लॉक पुढे कोणी कोणास पाठवीत नाही. आज नव्याने नोड सुरू करणाऱ्यास ते चोवीस ब्लॉक दिसणार नाहीत. साखळीवर सर्व इतिहास अमिट असतो असे जे म्हटले जाते, ते जिंकलेल्या शाखेच्या इतिहासाविषयी खरे आहे.

मार्च २०१४ मध्ये ०.९ ह्या आवृत्तीबरोबर आज्ञावलीचे नाव 'बिटकॉइन कोअर' असे करण्यात आले. तोवर नाणे, जाळे व आज्ञावली तिन्हींस एकच नाव होते. हेतू हा की, ही अनेक आज्ञावलींपैकी एक आहे हे कळावे. परिणाम काहीसा उलटा झाला : 'कोअर' म्हणजे गाभा, आणि गाभा एकच असतो. नावाने विनय दाखवू जावे आणि त्यातून अधिकार ध्वनित व्हावा, असे हे उदाहरण आहे. एप्रिल २०१४ मध्ये अँड्रेसन ह्यांनी प्रमुखपद व्लादिमिर व्हान डर लान ह्यांच्याकडे सोपविले.

पुढील वर्षी सुरू झालेला ब्लॉकच्या आकाराचा वाद हा ह्या विषयाचा कळसाध्याय होय. नाकामोतो ह्यांनी २०१० च्या उत्तरार्धात ब्लॉकला एक मेगाबाइटची मर्यादा घातली होती, तीही फारशी चर्चा न होता. व्यवहार वाढले तशी ही मर्यादा जाचू लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये माइक हर्न व अँड्रेसन ह्यांनी मोठ्या ब्लॉकांना अनुमती देणारी 'बिटकॉइन एक्स्.टी.' ही आवृत्ती पुढे केली. मुक्तस्रोताच्या जुन्या नीतीने पाहिले तर त्यांनी अत्यंत सभ्य मार्ग स्वीकारला होता : पटत नाही, तर प्रत घ्या आणि वेगळे व्हा. विरोधकांना मात्र ती घरफोडी वाटली. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. एक पक्ष 'फोर्क' हा शब्द गिटहबच्या अर्थाने वापरीत होता, दुसरा खातेवहीच्या अर्थाने. पहिल्याच्या दृष्टीने ती प्रत काढणे होते. दुसऱ्याच्या दृष्टीने नाणे फोडणे. त्या दोन वर्षांतील लिखाण चाळताना असे वारंवार वाटते की, पारिभाषिक शब्दाचे दोन अर्थ वेळीच वेगळे केले असते तर वाद मिटला नसता, पण निदान तो कशाविषयी आहे हे अगोदर कळले असते.

ह्याच वादात 'हार्ड' व 'सॉफ्ट' अशी जोडविशेषणे पक्की रुळली. नियम सैल करणारा बदल हार्ड फोर्क, कारण जुनी नोडे नवे ब्लॉक नाकारतात व साखळी दुभंगू शकते. नियम कडक करणारा बदल सॉफ्ट फोर्क, कारण कडक नियमांत बसणारे ब्लॉक जुन्या सैल नियमांतही बसतातच. म्हणजे फूट पडू नये म्हणून केलेल्या बदलासही 'फोर्क' हेच नाव. डिसेंबर २०१५ मध्ये पीटर वुइल ह्यांनी मांडलेली सेगविट ही सुधारणा दुसऱ्या प्रकारची होती. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे पन्नासाहून अधिक कंपन्यांनी, मायनिंगच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक शक्तीच्या पाठिंब्याने, सेगविट आणि दोन मेगाबाइट ब्लॉक अशी तडजोड जाहीर केली. त्यातील सेगविटचा भाग २४ ऑगस्ट २०१७ रोजी अंमलात आला. मोठ्या ब्लॉकांचा भाग ८ नोव्हेंबर रोजी त्याच्या पुरस्कर्त्यांनीच मागे घेतला, कारण कंपन्या व मायनर एका बाजूस असले तरी नोडे चालविणारे सामान्य लोक व प्रोग्रामर नव्या आज्ञावलीकडे वळण्याचे चिन्ह दिसेना. दरम्यान १ ऑगस्ट २०१७ रोजी मोठ्या ब्लॉकांच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी 'बिटकॉइन कॅश' ही वेगळी साखळी काढलीच. त्या दिवसापर्यंतचा इतिहास दोहोंचा समाईक. ज्याच्याकडे जितकी नाणी होती तितकी त्याला दोन्हीकडे मिळाली.

येथे मघाशी सांगितलेले आर्थिक कारण पुन्हा आठवावे. खातेवहीची प्रत निघाली, पण खातेवहीवरचा विश्वास प्रत काढता येण्याजोगा नव्हता. तो दोन शाखांत वाटला गेला, आणि विषम प्रमाणात. शिवाय नाव एकच होते. आज्ञावली कोणाचीही, पण 'बिटकॉइन' हे नाव कोणाचे? एम्. आय्. टी. परवाना ह्या प्रश्नावर मौन पाळतो. व्यवहारात त्याचे उत्तर विनिमय-केंद्रांनी आपल्या फलकांवर कोणत्या साखळीस कोणते संक्षिप्त नाव दिले त्यावरून ठरले. म्हणजे जे मध्यस्थ नकोत म्हणून हा सारा खटाटोप, त्यांच्याच हाती नामकरणविधी गेला. बिटकॉइन कॅशही पुढे १५ नोव्हेंबर २०१८ रोजी दुभंगले.

इथेरियमची फाटाफूट ह्याहून वेगळ्या जातीची होती. तिचा संबंध क्षमतेशी नव्हता, न्यायाशी होता. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या ह्या साखळीवर पुढील वर्षी 'द डाओ' नावाचा सामायिक निधी उभा राहिला. त्याचा सोर्स कोड सर्वांपुढे उघडा होता आणि कोडमध्ये जे लिहिले आहे तोच करार, अशी त्याच्या चालकांची भूमिका होती. १७ जून २०१६ रोजी कोणीतरी तो कोड चालकांपेक्षा अधिक बारकाईने वाचला, आणि त्यातील दोषाच्या द्वारे सुमारे ३६ लाख इथर बाजूस काढले. ही चोरी की कराराची काटेकोर अंमलबजावणी? २० जुलै रोजी, १९,२०,००० व्या ब्लॉकपाशी, बहुसंख्यांनी नियम बदलून ती रक्कम परत वळविली. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी न बदललेली साखळी चालू ठेवली. ती इथेरियम क्लासिक. पाहण्यासारखे हे की, जी शाखा जुन्या नियमांवर अढळ राहिली तिला नवे नाव घ्यावे लागले, आणि जिने नियम बदलले तिच्याकडे जुने नाव राहिले. भाषेतही हेच चालते : बहुसंख्य ज्या बाजूस वळतात ती 'मराठी', आणि जुने रूप धरून बसलेली ती 'बोली'.

फाटाफुटीनंतरही कोडचे नाते तुटत नाही, ह्याचे एक उदाहरण फारसे सांगितले जात नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरमध्ये एक गंभीर दोष सापडला. त्याच्या योगे एकच रक्कम दोनदा खर्चून हवेतून नाणी निर्माण करता आली असती. दोष २०१७ च्या ०.१४ ह्या आवृत्तीत शिरला होता आणि पुढील आवृत्तीपासून इतका घातक झाला होता. कोड दीड वर्ष जगापुढे उघडा होता. तो शोधून १७ सप्टेंबर रोजी खाजगीरीत्या कळविला तो बिटकॉइन कॅशच्या बाजूच्या एका प्रोग्रामरने, म्हणजे प्रतिपक्षाने. कारण वारसा समाईक असल्याने दोष त्यांच्या घरातही होता. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती निघाली. त्या वेळी दोषामुळे नोड बंद पडू शकते, एवढेच सांगण्यात आले; नाणी निर्माण होण्याचा धोका २० सप्टेंबरला प्रकट केला गेला. दोन दिवसांची ही गुप्तता समर्थनीय होती. परंतु उघडा कोड म्हणजे वाचलेला कोड नव्हे, हे ह्या प्रकरणाने जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही तात्त्विक चर्चेने झाले नसते.

परवान्याच्या बाजूनेही परंपरेस ताण पडला. २०२० च्या ऑगस्टअखेर युनिस्वॅप ह्या विनिमय-आज्ञावलीचा मुक्त कोड घेऊन सुशीस्वॅप निघाले, आणि काही दिवसांतच त्याने मूळ प्रकल्पातील ठेवींचा मोठा भाग आपल्याकडे ओढला. कोडची प्रत घेतल्याने मूळ मालकाचे काही उणे होत नाही, हे गृहीतक येथे ढासळले. मे २०२१ मध्ये आलेल्या युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीस मुक्त परवाना नव्हता; कोड वाचता येई, पण धंद्यासाठी वापरता येत नसे. ही मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये संपून तो कोड जी. पी. एल. खाली आला. मुक्तस्रोताच्या व्याख्येत न बसणारा हा परवाना होता, आणि तरीही पडताळणीपुरता तो पुरेसा होता. पडताळण्यासाठी उघडा आणि बदलण्यासाठी उघडा, हे जे दोन अर्थ एकाच विशेषणात नांदत होते, ते येथे दोन दस्तऐवजांत विभागले गेले.

ह्याच्या दुसऱ्या टोकास टोर्नाडो कॅश आहे. त्याचा कोड मुक्त होता. परंतु इथेरियमवर बसविलेली त्याची प्रत अशी होती की, खुद्द कर्त्यांनाही ती बदलता किंवा थांबविता येऊ नये. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या कोषागार खात्याने त्यावर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने निर्णय दिला की, जे कोणाच्याही ताब्यात नाही व ज्यातून कोणासही वगळता येत नाही, असे अपरिवर्तनीय करार-कोड त्या कायद्याच्या अर्थाने कोणाची 'मालमत्ता' नव्हेत. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. जी. पी. एल.चा जन्म प्रताधिकारातून झाला होता. मालक होता म्हणून तो मुक्तता देऊ शकला. मालकच नसलेल्या कोडला परवाना कोण देणार, ह्याचे उत्तर १९८९ च्या दस्तऐवजात शोधण्यात अर्थ नाही.

ह्या मालिकेतील अगदी अलीकडचे प्रकरण ऑक्टोबर २०२५ मधील आहे. बिटकॉइन कोअरच्या तिसाव्या आवृत्तीने, व्यवहाराबरोबर इतर मजकूर जोडण्यावर असलेली सुमारे ८० बाइटांची सवयीची मर्यादा मोठ्या प्रमाणात वाढविली. खातेवहीत पैशाखेरीज दुसरे काही साठवू नये अशा मताच्या अनेक नोडचालकांनी त्याआधीपासूनच 'बिटकॉइन नॉट्स' ही ल्यूक डॅशजुनियर ह्यांची आवृत्ती वापरावयास आरंभ केला होता. नॉट्स ही कोअरच्या कोडपासून निघालेली शाखा आहे. मात्र हा मतभेद प्रत्येक नोड कोणते व्यवहार पुढे पाठविते एवढ्यापुरता होता. ब्लॉक ग्राह्य की अग्राह्य ह्याचे नियम दोहोंत समान राहिले. त्यामुळे कोड दोन, खातेवही एक आणि नाणे एक. 'फोर्क' ह्या शब्दाचे दोन अर्थ एकाच प्रसंगी शेजारी उभे होते, आणि ह्या वेळी फाटा फुटला पण फाटाफूट झाली नाही.